बोल्ट अर्ध्यावरच का थांबला?

बारामती किंवा इंदापूरकडच्या शाळेत शिकत असताना तुम्ही एन.सी.सी.त गेला असाल, तर फायरिंगच्या दिवशी ०.२२ ची रायफल कदाचित हाताळली असेल. जमिनीवर पालथे पडायचे, दम रोखायचा आणि चाप हळूच ओढायचा. बार झाला, की बोल्टचा दांडा उचलून मागे खेचायचा. रिकामी पुंगळी टणकन बाहेर पडते. मग बोल्ट पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवायचे. सारे काम हाताचे.

काही बंदुका मात्र हे काम आपले आपण करतात. त्यांना अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप एकदा ओढला, की गोळी एकच सुटते; पण पुंगळी फेकणे, घोडा ताणणे आणि मॅगझिनमधले (तुमच्या हातातले नव्हे, काडतुसांचे!) पुढचे काडतूस नळीत सारणे हे बंदूकच उरकते. यासाठी तिला मोटार नाही की बॅटरी नाही. मग हे काम करतो कोण?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, मासेमारांच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. होडीतून काठावर उडी मारली, की होडी मागे सरकते. माणूस जड आणि होडी हलकी असेल, तर ती झटकन जाते. होडी जड असेल, तर सावकाश. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. काडतुसातील दारू पेटली, की तयार होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तितक्याच जोराने पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीच्या पाठीला बोल्ट टेकलेला असतो. एन.सी.सी.च्या रायफलीत तो कुलपासारखा अडकवलेला असतो, म्हणून हलत नाही. ०.२२ च्या बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांत असे कुलूप नसतेच. तिथे बोल्टला आवरतात त्याचे स्वतःचे वजन आणि मागची स्प्रिंग, एवढेच.

आता थोडे गणित. ०.२२ ची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते. हिशेब सोपा व्हावा म्हणून बोल्ट तिच्या ५० पट, म्हणजे १३० ग्रॅमचा धरू. दोघांचा संवेग सारखाच, म्हणून बोल्टचा वेग गोळीच्या वेगाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका. पिस्तुलातून गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटली, तर बोल्ट ६ मीटर वेगाने मागे निघतो. त्याची गतिज ऊर्जा होते २.३४ ज्यूल. घोडा ताणणे, स्प्रिंग दाबणे, पुंगळी ओढून काढणे आणि घर्षण सोसणे हा सारा खर्च या शिलकीतूनच भागवायचा. समजा, खर्च २ ज्यूल आहे. काम भागते, पण शिल्लक थोडीच उरते.

आता गोळी जरा मंद घेऊ: सेकंदाला २४० मीटर. वेग फक्त एक पंचमांशाने घटला. तुम्ही म्हणाल, ऊर्जाही तेवढीच घटेल. तसे होत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २४०, ३०० आणि ३६० या वेगांचे प्रमाण ४ : ५ : ६ आहे, तर ऊर्जांचे १६ : २५ : ३६. म्हणजे मंद गोळी बोल्टला फक्त १.५ ज्यूल देते आणि ३६० मीटरची जलद गोळी ३.३७ ज्यूल. पहिल्या गोळीवर बोल्ट अर्ध्या वाटेतच थकतो. कधी पुंगळी बाहेर पडता पडता फटीत चिमटली जाते. कधी पुंगळी पडते, पण बोल्ट पुढच्या काडतुसाच्या मागेपर्यंत पोचतच नाही आणि रिकाम्या हाताने परततो. नेमबाज चाप ओढतो, आणि ऐकू येते नुसते ‘टिक्’!

मग जलद काडतुसेच का वापरू नयेत? याला नेमबाजांचे उत्तर आहे. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर अधिक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.६ मीटर. इंदापूरला जानेवारीच्या पहाटे १२ अंश असतील, तर तो ३३८ भरतो. मे महिन्यात भर दुपारी ४० अंशांना ३५५. रायफलीतून सुटणारी जलद गोळी ३८० च्या आसपास निघते आणि ५० मीटरच्या आसपास ध्वनीच्या वेगापर्यंत खाली येते. हा उंबरठा ओलांडताना हवेचे दाब एकदम बदलतात आणि गोळी डळमळते. स्पर्धेची काडतुसे म्हणून मुद्दामच मंद ठेवतात. रायफलीतून त्यांचा वेग साधारण ३२५ ते ३३० मीटर. उन्हाळा असो वा हिवाळा, गोळी ध्वनीच्या मागेच राहते. पिस्तुलाच्या आखूड नळीतून ती आणखी मंद सुटते. शिवाय धक्का कमी बसतो, म्हणजे पुढचा नेम लवकर साधता येतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्याला बोल्टच्या थकव्याची चिंता नव्हती. त्या रायफलीत प्रत्येक काडतूस हातानेच भरतात. पण कोल्हापूरच्याच राही सरनोबतचा प्रकार २५ मीटर पिस्तुलाचा. त्यातील जलद फेरीत लक्ष्य ७ सेकंद झाकलेले असते आणि फक्त ३ सेकंद समोर येते. तेवढ्यात हात उचलून एक गोळी झाडायची. असे पाच वेळा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही आणि तिची थायलंडची प्रतिस्पर्धी दोघींचे ३४ गुण झाले. बरोबरी सोडवायला दोनदा जादा फेरी घ्यावी लागली आणि राहीला सुवर्ण मिळाले. आशियाई स्पर्धेत भारतीय महिलेचे नेमबाजीतील ते पहिले सुवर्ण. अशा वेळी ‘टिक्’ झाले तर? नियमांत दुरुस्तीची मुभा असते, पण लागलेली तंद्री मोडते ती मोडतेच.

म्हणून स्पर्धेची पिस्तुले मंद काडतुसांसाठीच बेतलेली असतात. कशी? बोल्ट हलका केला तर? संवेग तोच, वजन कमी. म्हणजे वेग वाढला आणि ऊर्जाही वाढली. मग अगदी हलका का करत नाहीत? आपल्या उदाहरणात गोळी १५ सेंटिमीटरची नळी ओलांडते तेवढ्यात बोल्ट ३ मिलिमीटर मागे सरकतो. वजन निम्मे केले, तर ६ मिलिमीटर. पुंगळीची लांबीच जेमतेम १५-१६ मिलिमीटर! आत वायूचा दाब असताना पातळ पितळ असे उघड्यावर आले, तर फुटते. स्प्रिंग मऊ केली, तर मागे जाणे सोपे होते. पण पुढे येताना काडतूस सारायला जोर उरत नाही. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तशातला हा प्रकार. हा मेळ कारखान्यातच घालतात. ज्या काडतुसासाठी बंदूक बेतली, तेच वापरायचे. घरी कानस चालवण्याची ही जागा नव्हे.

नेमबाजाच्या हाती उरते ते घर्षण. या गोळीला बाहेरून मेणासारखे वंगण असते. ते आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून चिकट राप बनतो आणि शिलकीतला अर्धा ज्यूलसुद्धा खाऊन टाकू शकतो. थंडीत तेल घट्ट झाले, तर आणखी पंचाईत. १९०३ साली अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने ०.२२ ची अर्धस्वयंचलित रायफल काढली, तेव्हा काळ्या दारूची काडतुसे बाजारात सर्रास मिळत. त्यांच्या काजळीने यंत्र आवळले असते, म्हणून कंपनीने बिनधुराच्या दारूचे वेगळ्याच मापाचे काडतूस काढले. दुसरे त्यात बसतच नसे! मनगट ढिले ठेवणे हाही एक दोष. हात मागे गेला, की पिस्तुलाचा सांगाडाही बोल्टबरोबर मागे जातो आणि दोघांमधले सरकणे कमी पडते. पुन्हा आपली होडीच!

वर्गाचा हा नियम तुम्हाला बंदुकीवाचून पाहता येईल. दोन वह्यांमध्ये खोबण ठेवून उतार करा. तो टेबलावर टेकतो तिथे काडेपेटीचे बाहेरचे रिकामे खोके असे ठेवा, की गोटी घरंगळत आत शिरेल आणि आतच अडेल. आता टेबलापासून १६, २५ आणि ३६ सेंटिमीटर उंचीवरून गोटी सोडा. तिच्या वेगांचे प्रमाण ४ : ५ : ६ येईल. खोके प्रत्येक वेळी किती घसरले ते पट्टीने मोजा, प्रत्येक उंचीवरून पाच-पाच वेळा, आणि सरासरी काढा. नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसून, तो दमट असतानाच तेच पुन्हा करा आणि आकड्यांची तुलना करा.