वेगाचे चालान आले, तर आधी फोटो पाहा

गेल्या खरिपात मोबाईलवर निरोप आला, की माझ्या दुचाकीने वेगमर्यादा ओलांडली. तारीख पाहिली, तर त्या दिवशी मी चिमूरजवळच्या एका गावात सोयाबीनच्या शेतीशाळेत होतो आणि गाडी समोरच चिंचेखाली उभी. मंडळींना सांगितले तर सगळे हसले. "साहेब, तुमची फटफटी एवढी पळते का जी?"

महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर टाकून चालान उघडले. फोटोत दुसरीच गाडी. तिच्या नंबरातला ३ यंत्राने ८ वाचलेला. आरसी बुक आणि माझ्या गाडीचा फोटो जोडून तिथेच तक्रार टाकली, चालान रद्द झाले. शेतीशाळेचे हजेरीपत्रक तयार ठेवले होते, त्याची गरजच पडली नाही.

सगळ्यांचे असे सोपे नसते. भिसीकडच्या एका शेतकरी भाऊंचे पिकअप माल घेऊन बाजार समितीत जाते. त्यांनाही वेगाचे चालान आले. फोटोत गाडी त्यांचीच. भाऊ म्हणाले, "गाडी माझी हाये, पण एवढा वेग नव्हता. अन् तिथं बोर्ड कुठं हाये?" मुद्दा बिनतोड आहे का, ते कोर्ट ठरवील. पण कायद्यात त्याला जागा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. हलक्या वाहनाला पहिल्या वेळी हजार ते दोन हजार रुपये दंड. याच कलमात असेही आहे, की एका साक्षीदाराला 'गाडी जोरात वाटली' एवढ्यावर दोषी धरता येत नाही, यंत्राने मोजलेले पाहिजे. आणि यंत्र कसे पाहिजे, हे २०२१ च्या केंद्रीय नियमांत आले. त्याला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. म्हणून भाऊंना सांगितले, त्या जागेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आजच काढा. उद्या फलक लागला तर काय दाखवाल?

कलम २०९ फार कमी लोकांना माहीत आहे. जागेवर कोणी अडवून सांगितले नसेल, तर १४ दिवसांत गुन्ह्याचा प्रकार, वेळ व ठिकाण लिहिलेली नोटीस रजिस्टर पोस्टाने चालकास वा मालकास जायला हवी, नाहीतर २८ दिवसांत समन्स बजावले पाहिजे. पण आपणच पत्ता बदलून कळवला नसेल, तर ही ढाल चालेलच असे नाही.

इथे आपल्या गावांची एक खोड सांगतो. गाडी स्टॅम्प पेपरवर विकायची आणि नाव बदलायचेच नाही. घेणारा पोरगा गाडी उडवतो, चालान जुन्या मालकाला. ग्रामपंचायत अधिकारी भाऊंनी ग्रामसभेत हा विषय काढावा. व्हॉट्सॲपवर चालानच्या नावाने एखादी फाईल आली तर ती उघडूच नका, खात्यातले पैसे जातात.

तक्रारीने काम झाले नाही तर कोर्ट. चिमुरात कोर्ट आहे, पण जिथे कॅमेऱ्याने पकडले तिथल्या हद्दीचे कोर्ट लागते. वरोऱ्याच्या हद्दीत पकडले तर वरोऱ्याला जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची अट आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये, तिथे तडजोड होते. मात्र तडजोड केली की अपील नाही. 'मी गुन्हा केलाच नाही' म्हणणाऱ्याने तिथे सही करण्याआधी विचार करावा.

खरे सांगायचे तर वेग आपलाच जास्त असेल, तर दंड भरून मोकळे व्हावे. दोन खेपांचे भाडे, वकील, बुडालेली मजुरी, हिशेब जुळत नाही. भाऊंना मीही हेच म्हटले होते. ते म्हणाले, "पैशाचा सवाल नाही साहेब, मी जोरात नव्हतो." त्यांनी फोटो काढले, यंत्राचे प्रमाणपत्र मागणारा अर्ज लिहिला. पुढची तारीख लागली आहे, नेमकी धान कापणीच्या दिवसांत. त्या दिवशी बांधीवर मुलगा राहणार आहे.