रक्तपिशवीची पारख : एचआयव्ही तपासणीच्या चार दशकांचा मागोवा

रक्तदात्याच्या रक्तातील एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी अमेरिकेत मार्च 1985 मध्ये वापरात आली. 1986 मध्ये भारतात पहिले संसर्ग आढळले आणि 1989 मध्ये दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी बंधनकारक झाली. बीड जिल्ह्याच्या सरकारी आरोग्यसेवेत ही जबाबदारी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय येथील रक्तपेढ्यांवर आहे.

पहिल्या पिढीच्या किटमध्ये मानवी पेशींत वाढवलेल्या विषाणूचा अर्क असे. त्या पेशींच्या प्रथिनांशी जुळणारी प्रतिपिंडेही त्याला चिकटत. अशी प्रतिपिंडे अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये सापडतात, त्यामुळे निरोगी रक्तही कधी बाधित ठरे. दुसऱ्या पिढीत प्रयोगशाळेत तयार केलेली शुद्ध प्रथिने आली आणि हा घोळ कमी झाला. तिसरी पिढी लवकर तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडेही ओळखू लागली. चौथीने प्रतिपिंडांच्या जोडीला विषाणूचे पी-24 हे प्रथिनही टिपले.

चाचणीची अचूकता दोन मापांनी मोजतात. बाधितांपैकी किती जण सापडले, ही संवेदनशीलता. निरोगी व्यक्तींपैकी किती जण निरोगीच ठरले, ही विशिष्टता. दोन्ही 99.5 टक्के आहेत आणि 10,000 दात्यांत 20 बाधित आहेत, असे धरू. ते 20 जण जवळपास सगळे सापडतील. पण उरलेल्या 9,980 निरोगी दात्यांपैकी सुमारे 50 जणही 'रिॲक्टिव्ह', म्हणजे चाचणीत बाधित, ठरतील. म्हणजे रिॲक्टिव्ह आलेल्या दर सात जणांत खरे बाधित दोनच. बाधितांचे प्रमाण जितके कमी, तितका खोट्या पॉझिटिव्ह निकालांचा वाटा मोठा.

म्हणूनच पिशवीला एक नियम आणि माणसाला दुसरा. एका चाचणीत रिॲक्टिव्ह आलेली पिशवी नष्ट केली जाते. दात्याला मात्र तेवढ्यावर बाधित ठरवत नाहीत. त्याला आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवून वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी निदान पक्के करतात. बीडमधला दाता तोवर ऊसतोडीला परजिल्ह्यात किंवा कर्नाटकात गेला असेल, तर त्याला पुन्हा गाठणे अवघड होते.

खोट्या निगेटिव्हचे मुख्य कारण विंडो पिरियड. संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होईपर्यंत रक्त इतरांना बाधित करू शकते, पण चाचणीत दिसत नाही. पहिल्या किटांच्या काळात ही मुदत दीड-दोन महिन्यांची होती. तिसऱ्या पिढीत ती सुमारे तीन आठवड्यांवर आणि चौथीत त्याहून थोडी खाली आली. विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी नॅट चाचणी ती दहा-अकरा दिवसांपर्यंत आणते. मात्र ती खर्चिक आहे आणि भारतात तिची सक्ती नाही.

उरलेली फट दात्याच्या निवडीतून अरुंद करावी लागते. पैशासाठी रक्त देणारा माणूस आपली जोखीम लपवण्याची शक्यता अधिक. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1996 मध्ये निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले. त्यानंतर भिस्त नातेवाइकांमधील बदली दाते आणि शिबिरांतील ऐच्छिक दाते यांच्यावर आली. त्यांतही नियमित ऐच्छिक दाता सर्वांत सुरक्षित मानला जातो, कारण त्याचे रक्त आधी अनेकदा तपासलेले असते आणि रक्तदानापूर्वीच्या प्रश्नावलीत खोटे सांगण्याचे त्याला कारण नसते.