ड्यूकचे यंत्र आणि किल्लारीची टपरी

मराठवाड्यातल्या किल्लारीच्या टपरीवर तंबाखूचा विषय निघाला तर अमेरिका कुणाला आठवणार नाही. इथे चालते ती जर्द्याची पुडी आणि चुना. चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, चुना लावून अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि बार ओठाखाली सरकवायचा. २०१६-१७च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले; धूर न करता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तरीही या टपरीचे गणित अमेरिकेतल्या डरहॅम गावात मांडले गेले, असे माझे म्हणणे आहे.

१८८०च्या सुमाराला सिगारेट हाताने वळत; सराईत कामगार मिनिटाला चारेक वळी. जेम्स बोनसॅकने १८८१मध्ये पेटंट घेतलेले यंत्र मिनिटाला दोनशेच्या घरात गेले. बड्या कारखानदारांना त्याचा भरवसा वाटेना. डरहॅमच्या जेम्स ड्यूकने मात्र ते वापरात आणले आणि त्याच्यापुढे वेगळाच पेच पडला: माल ढीगभर, गिऱ्हाईक कुठून आणायचे? त्याने भाव पाडला, खोक्यात चित्रांची कार्डे घातली, जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतला. १८९०मध्ये पाच कारखाने एकत्र करून त्याने अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली आणि १९०२मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल टोबॅकोशी तह करून परदेशी बाजारासाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको काढली. १९११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूकची मक्तेदारी मोडली खरी, पण त्याआधीच, १९१०मध्ये, कलकत्त्यात ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोची भारतीय कंपनी ‘इम्पीरियल टोबॅको’ या नावाने निघाली होती. तीच आजची आयटीसी. किल्लारी तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. त्या राज्याच्या राजधानीत १९३०मध्ये वझीर सुलतान टोबॅको नोंदली गेली. ‘चारमिनार’ सिगारेट तिचीच, आणि तिच्यातही ब्रिटिश अमेरिकन गटाचा मोठा वाटा. गंमत म्हणजे १९९४मध्ये मूळ अमेरिकन टोबॅकोच या गटाने विकत घेतली. लेकीने आईला दत्तक घ्यावे तसे!

यावर कुणी म्हणेल, तंबाखू पोर्तुगीजांनी आणली, चिलीम आणि मिशरी ड्यूकच्या आधीची, मग त्याला कशाला ओढता? आक्षेप खोटा नाही. पण जुना शौकीन तंबाखूचे पान विकत घेई, घरी कुटे, बटव्यात बाळगे. त्यात वेळ जाई आणि तेवढाच आवर राही. ड्यूकने तो वेळ काढून टाकला. वस्तू तयार, मोजकी, खिशात मावणारी, नावाने मागता येणारी आणि सुट्या पैशांत परवडणारी केली. सिगारेट मराठवाड्यात फारशी रुजली नाही, पण ही युक्ती रुजली. संगमनेरच्या मालपाणींची गायछाप घ्या: तंबाखू तीच जुनी, पण माणूस ‘तंबाखू दे’ म्हणत नाही, ‘गायछाप दे’ म्हणतो. पुढे गुटख्याच्या चकचकीत पुड्यांनी चुना-मळणीचेही काम उरू दिले नाही. ड्यूकचा आणि या धंद्यांचा मालकीचा संबंध नाही. नाते आहे ते विकण्याच्या रीतीचे.

दुसरा आक्षेप बंदीचा. महाराष्ट्राने २०१२च्या जुलैत गुटखा आणि पानमसाला बंद केला, म्हणजे सरकारने धंद्याची नस ओळखली, असे मानणारे आहेत. मला तसे वाटत नाही. कायद्याने धरला तो माल. पुडी तशीच राहिली. बंदीनंतर अनेक राज्यांत एक तोड निघाली: साधा पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्हींच्या माळा शेजारीशेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक दोन्ही दाताने फाडते आणि कारखान्यात होणारे मिश्रण आपल्याच तळहातावर करते.