स्वस्त कॅमेऱ्याची महाग गोष्ट

आमच्याकडे पहिल्यांदाच येणारा पाहुणा दिवाणखान्यातल्या एका फोटोपुढे हटकून थबकतो. फोटो किंचित हललेला आहे. आणि पाटावर बसलेल्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्यामागून कुणाचा तरी अर्धा हात डोकावतो आहे. ‘‘एवढ्या देखण्या चौकटीत हा असला फोटो का हो लावलात?’’ असे विचारण्याचा पुणेरी रोखठोकपणा काही जण दाखवतात. ‘‘दुसरा नाही म्हणून!’’ असे मी सांगतो. तो का नाही, ही माझ्या दीडशहाणपणाची कहाणी आहे.

1984 साली अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले आणि फोटोंची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली. त्या काळी परदेशी कॅमेरा म्हणजे अपूर्वाईची वस्तू. आयातीवर निर्बंध, वर भरमसाट जकात; त्यामुळे असा माल पुष्कळदा आडवाटेनेच यायचा. पुण्यातल्या एका जुन्या दुकानदाराने बिलासह किंमत सांगितली, ती मला फार वाटली. मी डेक्कन क्वीनने मुंबई गाठली आणि फोर्टातल्या एका गल्लीत तसाच कॅमेरा 600 रुपये कमी देऊन घेतला. बिल नाही, हमी तोंडी. परतताना मी जणू अटकेपार झेंडा लावून आल्याच्या थाटात होतो.

समारंभाला मी 36 फोटो काढले. होमाचे, औक्षणाचे, नातवंडांच्या घोळक्यातल्या अण्णांचे. चौथ्या दिवशी रोल धुऊन आला तो कोरा, खिडकीच्या काचेसारखा पारदर्शक! शटर नुसताच आवाज करीत होते, उघडत नव्हते. पुन्हा मुंबईला गेलो, तर ‘‘हा माल आमचा नव्हेच,’’ असे उत्तर मिळाले. कागद नसल्यावर भांडणार कशाच्या जोरावर? पुढच्याच वर्षी अण्णा गेले. भिंतीवरचा तो एकुलता फोटो आमच्या आतेभावाचा. त्याच्या बडोद्यात बनलेल्या साध्यासुध्या आग्फा क्लिक-थ्रीच्या बारा फोटोंच्या रोलमध्ये शेवटची एक जागा उरली होती, तेवढीच आमच्या वाट्याला आली.

तेव्हा कानाला खडा लावला. पण त्या खड्याचा खरा उपयोग यंदा झाला. आमची नात कॉलेजात शिकते. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने 40,000 रुपये साठवले. बारशी-मुंजींचे फोटो काढून आपल्या शिक्षणाचा खर्च आपणच भागवावा, असा तिचा मनसुबा. एके संध्याकाळी मोबाइल पुढे करून म्हणाली, ‘‘आबा, हा बघा, बाजारापेक्षा नऊ हजारांनी स्वस्त!’’ मला एकदम फोर्टातली ती गल्ली आठवली. म्हटले, ‘‘बाळ, कितीला मिळतो ते मागाहून. कुणाकडे मिळतो ते आधी बघू.’’

मग तीन आठवडे आम्ही आजोबा-नातीने दुकाने पालथी घातली. अर्थात दुपारी एक ते चार सोडून! पहिल्या दुकानात बॅग, तिपाई आणि कार्ड ‘फुकट’ होते. मी विचारले, ‘‘हे फुकट काही नको, नुसत्या कॅमेऱ्याचे किती?’’ किंमत तत्काळ 2,000 रुपयांनी उतरली. फुकटाचा भाव तेव्हा कळला. दुसऱ्या दुकानात, ‘‘बिल नको असेल तर टॅक्स वाचेल,’’ अशी कुजबुज झाली. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला; पण तेवढे वाचवायला बिल सोडले तर उद्याची तक्रार आजच सोडल्यासारखे! शिवाय असा माल पुष्कळदा ‘ग्रे मार्केट’चा असतो. वस्तू अस्सल असते, पण अधिकृत वाटेने आलेली नसते. कंपनीचे इथले सर्व्हिस सेंटर तिची वॉरंटी बहुधा मानीत नाही.

जुन्या बाजारातही एका रविवारी डोकावलो. तिथे शोकेसमध्ये ठेवायला झकास कॅमेरे मिळतील. पोट भरायला नव्हे.

अखेर एका पेठेतल्या चिंचोळ्या दुकानात एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी ‘बजेट किती?’ असे न विचारता ‘‘फोटो कसले काढणार?’’ असे नातीलाच विचारले. ती म्हणाली, ‘‘घरगुती समारंभांचे.’’ ‘‘मग नव्या बॉडीच्या मागे लागू नकोस. नवे मॉडेल आले की आधीचे उतरते. वापरलेली, पण पारखलेली बॉडी घे आणि उरलेले पैसे लेन्सला घाल. घरातल्या अपुऱ्या उजेडात 50 मिलिमीटरची 1.8ची लेन्सच तुला हात देईल.’’ जास्त खपवण्याऐवजी कमी घ्यायला सांगणारा दुकानदार पाहून मी खुर्ची पुढे ओढली.

पारख कशी करायची, तेही त्यांनीच दाखवले. लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड पाडायचा. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यातल्या दमट हवेत कपाटात कोंडलेल्या लेन्सला ती हटकून धरते. मग छिद्र एफ-16 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे दोन-तीन फोटो काढायचे. डाग प्रत्येकात त्याच जागी आला तर सेन्सरवर धूळ आहे. शटर किती वेळा उडाले हे पुष्कळ मॉडेलांत संगणकावर पाहता येते. साध्या बॉडीचे शटर साधारण 1 लाख वेळांच्या अंदाजाने बनवलेले असते, तेव्हा वीस हजार म्हणजे तरणे, नव्वद हजार म्हणजे निवृत्तीला आलेले! शेवटी कॅमेऱ्यावरचा क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा.

हिशेब असा झाला: बॉडी आणि तिच्यासोबतची लेन्स 26,000, 50ची लेन्स 9,500, कार्ड आणि जादा बॅटरी 3,000. एकूण 38,500. बिलावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन महिन्यांची हमी लिहिली आणि म्हणाले, ‘‘आठ दिवसांत दोन-तीनशे फोटो काढून बघ. खटकले तर परत आण. पारखल्याशिवाय मात्र कुणाच्या मुंजीला नेऊ नकोस.’’ चाळीस वर्षांपूर्वी हे वाक्य मला कुणी ऐकवले असते तर!

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यापुढे आपण मुकाट्याने मान तुकवतो. वास्तविक ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये याच पुण्यात उभी केली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तर बिल न देणे आणि सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा ठरल्या आहेत. बिलात मुदत नसेल तर ती 30 दिवसांची धरतात. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र या सगळ्या दारांची किल्ली एकच: बिल.

कॅमेरा घरी आला. नातीने देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले आणि पहिला फोटो काढला तो भिंतीवरच्या अण्णांचा. मग तो पडद्यावर मोठा करून बघत ती ओरडली, ‘‘आबा, या मागच्या हातात कॅमेरा आहे! कुणाचा हो हा हात?’’

आजवर हे मी पाहुण्यांना सांगितले नव्हते. तो हात माझाच. 600 रुपये वाचवणारा.