रोज बंद होतो, तरी चालूच असतो

पावसाळा लागला की आजऱ्यातल्या माझ्या दुकानात दोन तऱ्हेचे कॉम्प्युटर येतात. एक, लाईटच्या ये-जा करण्यानं पॉवर सप्लाय जळालेले. दुसरे, काहीच न होता नुसते ‘स्लो झालेले’. पहिल्यांचं दुखणं सोपं, भाग बदलला की झालं. दुसऱ्यांच्या बाबतीत स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी मी विचारतो, शेवटचा रीस्टार्ट कधी केला होता?

गेल्या जुलैत एक शिक्षक भर पावसात, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून लॅपटॉप घेऊन आले. हजेरीची फाइल उघडायलाच पाच मिनिटं लागत होती, वाय-फाय मधेच सुटत होतं. माझा प्रश्न ऐकून म्हणाले, “रोज रात्री बंद करतो की ओ मी!” मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो. खाली ‘अप टाइम’पाशी आकडा होता 63 दिवस. सर माझ्याकडे बघत राहिले. सर खरं बोलत होते आणि आकडाही खरा होता.

2012 साली विंडोज 8 आलं, त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि पुढच्या विंडोजमध्येही ती राहिली. ती चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावर आपले प्रोग्रॅम आणि फाइली बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि वाय-फाय, ग्राफिक्ससारख्या भागांचे ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी तेच उचलून पुन्हा मेमरीत मांडलं जातं. म्हणून यंत्र झटकन उठतं, आणि म्हणूनच कालची गाठ आजही तशीच राहते. भातगिरणीतून बारदान नेणाऱ्यानं ते परत आणलंच नाही, तर एक दिवस भात भरायला पोतं उरत नाही. बिघडलेला ड्रायव्हर मेमरीचं नेमकं हेच करतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं टाकून देऊन पहिल्यापासून मांडणी करतो. सरांच्या लॅपटॉपला मी तेवढंच केलं. पैसे घेतले नाहीत, घ्यायचं कारणच नव्हतं.

लोडशेडिंगच्या वर्षांत हा प्रश्न इथं नव्हता. दिवसातून दोनदा लाईट जायची, यूपीएस थोडा वेळ ओरडायचा आणि यंत्र गप्प व्हायचं. विंडोज 95 आणि 98 मध्ये एक दोष होता, सलग 49.7 दिवस चालल्यावर ते अडकून बसायचं. सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा आकडा 4,29,49,67,295 पर्यंतच जायचा. जुन्या स्कूटरचं मीटर 99999 नंतर शून्यावर येतं, तसं इथंही व्हायचं आणि यंत्राचा हिशेब चुकायचा. आजऱ्यात हा दोष कुणी पाहिला नसणार. पन्नास दिवस सलग लाईट होती कुठं?

अमेरिकेत होती. 14 सप्टेंबर 2004 ला लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या शेकडो विमानांचा जमिनीवरच्या नियंत्रकांशी रेडिओ संपर्क तुटला. तिथल्या यंत्रणेतही असाच आकडा होता. ती दर तीस दिवसांनी रीस्टार्ट करायची असा नियम होता, त्या वेळी ते राहून गेलं.

त्याआधीची गोष्ट सांगताना मला अजून कसंतरी होतं. आखाती युद्धात, 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये, येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी पॅट्रियट यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. सेकंदाचा दहावा भाग मोजताना होणारी अतिसूक्ष्म चूक साठत साठत 0.34 सेकंदांवर गेली होती. तेवढ्या वेळात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटर पुढं सरकतं. यंत्रणेनं ते चुकीच्या जागी शोधलं, आणि 28 सैनिक गेले. सुधारलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी तिथं पोचलं. तोवर मधे एकदा यंत्रणा बंद करून सुरू केली असती, तरी साठलेली चूक शून्यावर आली असती.

माझ्या दुकानातही एक लिनक्सचं यंत्र इन्व्हर्टरवर महिनोनमहिने चालायचं आणि मला त्या आकड्याचं कौतुक होतं. आता नाही. गाभ्याची दुरुस्ती डिस्कवर उतरली तरी मेमरीत जुनाच गाभा चालत राहतो. रीस्टार्ट होईपर्यंत सुरक्षेतलं भोक उघडंच. विंडोजचंही तेच. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक दुरुस्ती दिली होती, आणि 12 मे ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा ती न बसलेली यंत्रंच त्याच्या तावडीत सापडली.

रीस्टार्ट म्हणजे वायर ओढणं नव्हे, हेही सांगायला हवं. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाइल आणि कधीकधी डिस्कही हातची जाते. आमच्याकडच्या पावसात यूपीएसची बॅटरी धड ठेवा.

कोपऱ्यात ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसलं की ‘नंतर’ म्हणू नका. आठवड्याच्या बाजारादिवशी पिशवी घेऊन निघण्याआधी फाइली सेव्ह करा आणि ‘रीस्टार्ट’ दाबा, ‘शट डाऊन’ नव्हे. भाजी घेऊन परत येईपर्यंत यंत्र तयार असतं.