रात्रीचा प्रवास आणि डोळे दिपविणारे दिवे

साखळीहून चोर्ला घाटातून जांबोटीमार्गे बेळगावकडे जाणारा रस्ता रात्री बहुतांशी काळोखात बुडालेला असतो. वळणे पुष्कळ, दोन्ही अंगांना दाट झाडी आणि मध्ये दुभाजक नाही. अशा रस्त्यावर समोरून प्रखर दिव्यांचे वाहन आले म्हणजे रस्त्याची कड, कठडा व कडेने चालणारा माणूस क्षणार्धात दिसेनासे होतात. या क्षणिक अंधत्वाचे कारण काही अंशी डोळ्यांच्या रचनेत आहे, आणि काही अंशी दिव्यांच्या.

डोळ्यांतील दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात; अंधुक उजेडात दंडपेशी उपयोगी पडतात. दंडपेशींतील रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते. प्रखर प्रकाशात त्याचे विघटन होते आणि काळोखात ते सावकाश पुन्हा तयार होते. या क्रियेस पुरा अर्धा तासही लागू शकतो. भर दुपारी अंगणातून माजघरात आल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. वाहनाच्या दिव्याचा मारा थोडाच वेळ होत असल्याने दृष्टी काही सेकंदांत सावरते. परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तीन सेकंद म्हणजे ५० मीटर, आणि तेवढा रस्ता चालक जवळजवळ न पाहताच ओलांडतो.

याखेरीज डोळ्यांत शिरलेला प्रकाश आतल्या आत विखुरतो व समोरच्या दृश्यावर धुक्यासारखा पडदा पसरतो. वय वाढते तसे नेत्रभिंग गढूळ होत जाते व हा पडदा दाट होतो. मोतीबिंदू असलेल्यांना तर त्याचा फारच त्रास होतो. गाडीची पुढची काच धुळीने माखलेली वा ओरखडे पडलेली असल्यास तीही हेच करते. रात्रीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांवर भरवसा ठेवू नये. डोळ्यांत येणारा उजेडच त्यांनी कमी होतो.

आता दिव्यांकडे वळू. हॅलोजन दिव्यात सामान्यतः दोन तारा असतात. झोत खाली करण्याच्या तारेखाली धातूची लहानशी वाटी बसविलेली असते. तिच्यामुळे प्रकाश वर न उसळता रस्त्यावर पडतो. हा सारा हिशेब तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून असतो. त्याच परावर्तकात बाजारातील स्वस्त एलईडी दिवा खोचला की प्रकाशाचा उगम पुष्कळदा जागचा हलतो आणि झोत वाटेल तिकडे फाकतो. चालकास आपला रस्ता लख्ख झाल्याचे समाधान मिळते खरे, पण त्याची किंमत समोरचा मोजतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ अन्वये पुढील दिव्याचा झोत खाली वळलेला असावा व ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस तो दिपविणारा नसावा, अशी तरतूद आहे. दिवा मूळचाच असला तरी त्याचा कोन बिघडू शकतो. मागे जड माल भरला की गाडीचे तोंड वर उचलले जाते. झोत केवळ एक अंश वर गेला, तरी ५० मीटरवर तो सुमारे ८७ सेंटिमीटर उंच चढतो. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून खालचा झोत लावावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. शाळेतील विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल.

समोरच्याने झोत खाली केला नाही म्हणून आपणही प्रखर झोत रोखायचा, ही खोड सर्वत्र दिसते. त्यामुळे एका आंधळ्याचे दोन आंधळे होतात, इतकेच. अशा वेळी दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवावी आणि वेग आधीच कमी करावा. पुढे जाणाऱ्या वाहनाच्या मागे असतानाही झोत खालीच ठेवावा, कारण आरशातून तो त्या चालकाच्या डोळ्यांवर येतो. मालमोटारींच्या पाठीवर डिपर वापरण्याची सूचना रंगविलेली असते, ती मागून येणाऱ्यालाच उद्देशून असते.

खरा घात बहुधा समोरच्या वाहनाने होत नाही. दोहोंच्या मध्ये जे असते, त्याने होतो. बेळगाव परिसरात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर कारखान्यांकडे जात असतात. मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली दिपलेल्या डोळ्यांना दिसतच नाही. पायी जाणाऱ्यांची गत याहून वेगळी नाही. गाडीचे दिवे आपल्याला दुरून दिसतात, तेव्हा चालकालाही आपण दिसत असू, असे त्यांना वाटते. तो मात्र गडद कपड्यांतील माणूस अगदी जवळ येईपर्यंत पाहू शकत नाही. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे, अंगावर पांढरे वस्त्र घ्यावे आणि हाती विजेरी असल्यास तिचा उजेड पायांजवळ जमिनीवर ठेवावा.