जरा थांबव तिथं!

गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला, तेव्हा पितळी घंगाळाच्या मागे बुटांचं एक खोकं सापडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी व्हिडिओ कॅसेट होती. लेबलावरची शाई उडाली होती, तरी माझंच अक्षर मला ओळखू आलं. 'धाकटीचं लग्न. मिरज. मे १९८७.'

बायको खालून म्हणाली, ''अहो, टाकून द्या आता ते. लावणार कशावर?''

प्रश्न बिनतोड होता. एकेकाळी आमच्या गल्लीत व्हीसीआर भाड्यानं यायचा. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले आणि पाठोपाठ हे यंत्र आलं. वर्गणी काढायची, एका रात्रीत तीन सिनेमे संपवायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी बँकेत कॅश काउंटरवर बसायचं, हे मीही केलेलं आहे. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली आणली. चाळीस वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, असे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानचीच फुनाई, हिनंही उत्पादन बंद केलं. म्हणजे माझ्या हातात कुलूप होतं आणि किल्ल्या करणारा कारखाना उठून गेला होता.

अजून काही दुकानदार जुनी यंत्रं जपून ठेवतात आणि कॅसेटवरचं चित्रण संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून देतात. तशा एकाकडे गेलो. त्यानं कॅसेटची झडप उचलून आत पाहिलं आणि म्हणाला, ''काका, बुरशी आहे. साफ करून बघतो, पण खात्री देत नाही.'' ही फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप. दमट हवेत तो लेप धरतो, सुटतो, त्यावर बुरशी चढते. यंत्रात तिच्यासमोर एक गोल ढोल मिनिटाला दीड हजार फेऱ्या घेत चित्र वाचत असतो. बुरशी त्या ढोलाला लागली, की चित्र पुसट आणि यंत्रही आजारी. शिवाय या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

आठ दिवसांनी फाइल मिळाली. मुलानं ती हार्ड डिस्कवर घेतली आणि म्हणाला, ''बाबा, आता ही कायमची सेफ.'' मी निवृत्त बँकवाला. ठेव सुरक्षित आहे म्हटल्यावर माझाही जीव भांड्यात पडला. आणि गंमत पाहा, एवढ्या धडपडीनं मिळवलेली ती फाइल पंधरा दिवस कुणी उघडलीसुद्धा नाही. माळ्यावरच्या खोक्यातून ती डिजिटल खोक्यात गेली, इतकंच काय ते झालं होतं.

शेवटी एका संध्याकाळी लॅपटॉपवर लावली. चार डोकी एका छोट्या पडद्याभोवती जमली. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. तिनं मान पुढे केली, मागे घेतली आणि म्हणाली, ''मुंग्या हिंडल्यासारखं दिसतंय रे. तुम्ही बघा.'' ती उठून देवघराकडे गेली. त्या फाइलमधल्या निम्म्या माणसांना ओळखणारी घरात ती एकटीच होती आणि तीच उठून गेली होती.

तेव्हा ठरवलं, हे टीव्हीवर दिसलं पाहिजे. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावायची जागा आहेच, म्हटलं दोन मिनिटांचं काम. ते दोन दिवस चाललं.

पहिली अडचण अशी, की फाइल सुमारे आठ जीबीची, पेनड्राइव्ह सोळा जीबीचा, रिकामा, तरी तो ती घेईना. मुलानं कारण सांगितलं. पेनड्राइव्हवर नोंदी ठेवायची जी जुनी पद्धत आहे, फॅट-३२ नावाची, तिच्यात एका फाइलचा आकार चार जीबीच्या पुढे लिहिताच येत नाही. मला ते लगेच कळलं. आमच्या जुन्या लेजरमध्ये रकमेचा रकाना जेवढा आखलेला, तेवढेच आकडे मावत. तिजोरीत कितीही जागा असो, रकाना अरुंद असला की नोंद होत नाही.

पद्धत बदलली, फाइल मावली, तर टीव्ही म्हणाला, ही फाइल चालत नाही. इथं दुसरी गोष्ट समजली, आणि ती माझ्या वयाच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. फाइलच्या नावामागे एमपी-४, एमकेव्ही, एव्हीआय असं जे काही लिहिलेलं असतं, तो नुसता डबा. आत चित्र आणि आवाज दाबून, घड्या घालून भरलेले असतात आणि त्या घड्या घालण्याच्या रीती निरनिराळ्या. त्या रीतीला कोडेक म्हणतात. आपल्या टीव्हीला मोजक्याच घड्या उलगडता येतात. मग कधी चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, कधी आवाज येतो आणि पडदा काळा. डबा ओळखीचा, पण आतला पदार्थ अनोळखी.

यावर उपाय म्हणजे मीडिया प्लेअर. तळहाताएवढी काळी डबी. एका बाजूनं एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडायची, दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्क लावायची. सोबत छोटा रिमोट. घड्या उलगडण्याचं काम डबी करते, टीव्हीनं फक्त चित्र दाखवायचं. २००८ साली वेस्टर्न डिजिटल कंपनीनं अशी एक डबी काढली होती, ती पुढे बंद झाली. आता बहुतेक डब्या अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांत व्हीएलसीसारखा कार्यक्रम घालता येतो. हा व्हीएलसी म्हणजे पॅरिसजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हाती घेतलेला प्रकल्प. २००१ पासून तो सगळ्यांना मोफत खुला आहे. मिळेल ती फाइल चालवायची, हा त्याचा बाणा. मुलानं तो घातला, रिमोट माझ्या हातात दिला, आणि अडतीस वर्षांपूर्वीचं मिरजेचं मंगल कार्यालय आमच्या भिंतीवर उजळलं.

आईला आरामखुर्चीत पडद्यासमोर बसवलं. तिनं पहिलंच वाक्य टाकलं, ''तुझे बाबा एवढे जाड कधी होते रे?''

खरंच सगळे फुगलेले दिसत होते. जुन्या चित्राची चौकट चारास तीन, आताच्या टीव्हीची सोळास नऊ. टीव्ही ते चित्र बाजूंनी ताणून पडदा भरत होता. चौकट 'चारास तीन' वर आणली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि बाबा पुन्हा सडसडीत झाले. मग कुणी हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसायच्या. जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. ते हप्ते एकत्र जुळवण्याची सोय, डीइंटरलेस नावाची, प्लेअरमध्ये असते. ती चालू केली. नातवानं पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, ''आजोबा, हा मिशीवाला कोण?'' मी होतो तो.

पाचेक मिनिटं झाली असतील. आई एकदम म्हणाली, ''जरा थांबव तिथं!''

मी पॉजचं बटण दाबलं. पंगतीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात उपरणं. ''हे कुंभोजचे मामा. ह्यांनी गूळ दिला होता लग्नाला, एक पैसा घेतला नाही.'' पुढे सरकलो. ''थांबव. ही आपली स्वयंपाकाची बाई. नवरा गेला त्याच वर्षी, तरी बुंदी पाडायला आली.'' पुन्हा, ''थांबव.''

त्या संध्याकाळी तीन तासांच्या कॅसेटमधली अकरा मिनिटं पाहून झाली.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. बँकेतली सवय. तीन रकाने आखले. पहिल्यात पडद्यावरचा वेळ, तास-मिनिट-सेकंद. दुसऱ्यात माणूस कोण. तिसऱ्यात आपला कोण लागतो. दिवाळीत सुरू केलेली वही संक्रांतीला संपली. एकशे बेचाळीस नोंदी. त्यातल्या शंभरेक माणसांना मी ओळखत नव्हतो आणि त्या लग्नात मी चार दिवस राबलो होतो! फाइल कायमची सेफ आहे असं आम्ही म्हणत होतो, पण आई नसती तर ती अनोळखी माणसांनी भरलेली तीन तासांची एक गर्दी ठरली असती.

या सगळ्यात एक गोष्ट बायकोच्या लक्षात आली. ती म्हणाली, ''अहो, आई कुठं दिसतच नाहीत.'' मी वही चाळली. कन्यादानाचा प्रसंग सोडला तर तीन तासांत आई जेमतेम दोन मिनिटं. तीही कडेनं जाताना, हातात परात, कमरेला किल्ल्या. आईला विचारलं. ती सहज म्हणाली, ''मी कोठीघरात होते. तिथं कोण येतंय शूटिंगला?'' ती दिवसभर तांदूळ, तूप, नारळ मोजून देत होती. कॅमेरा हॅलोजन दिव्यासकट स्टेजवर होता. माझ्याच आईचा तो दिवस मला अडतीस वर्षांनी, पॉजच्या बटणामुळे, तिच्या तोंडून कळला.

आणखी एक. त्या काळी लग्नाच्या कॅसेटवरचा मूळ आवाज पुसून सनई आणि सिनेमाची गाणी भरत. त्यामुळे बाबा पडद्यावर बोलतात, हातवारे करतात आणि ऐकू येते सनई. बाबा १९९४ साली गेले. त्यांचा आवाज कुठंच टेप केलेला नाही. एका ठिकाणी ते पंगतीत कुणाला तरी कळकळीनं काही सांगताना दिसतात. मी म्हटलं, ''काय सांगत असतील?'' आई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, ''मठ्ठा अजून आला नाही म्हणतायत.'' ती बाबांचे ओठ वाचत होती.

संक्रांतीच्या दिवशी शेवटची दहा मिनिटं उरली होती. वरात निघून गेली, पडद्यावर रिकाम्या खुर्च्या आल्या. भरलेलं गाणं तिथं अर्ध्यातच तुटलं. बहुधा शूटिंगवाल्याला तेवढा शेवट भरायचा कंटाळा आला असावा. खरखर ऐकू आली, भांड्यांचा आवाज, आणि कॅमेऱ्याच्या मागून कुठून तरी एक खणखणीत आवाज आला, ''अरे, तो मागचा दिवा बंद करा रे! उगीच वीज जळतीय!''

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. रिमोट माझ्या हातात होता, पण मला बटण सापडेना. आई हलकेच हसली. ''बघ,'' ती म्हणाली, ''लेकीची पाठवणी झाली आणि ह्यांचं लक्ष दिव्याकडे. डोळे पुसायला अंधार हवा होता त्यांना.''

एकशे त्रेचाळिसावी नोंद मी त्या रात्री केली. वेळ लिहिली, पुढे 'बाबा', आणि तिसऱ्या रकान्यात आईचं वाक्य.

आता त्या फाइलच्या तीन प्रती आहेत. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक मुलाकडे वेगळ्या डिस्कवर, एक बडोद्याला धाकटीकडे. प्रत्येकीसोबत वहीची टाइप केलेली प्रतही ठेवली आहे. बँकेतला लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक बँकेची, एक खातेदाराची. एकीनं काम होत नाही. फाइल ही एक किल्ली. दुसरी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे असते, आणि तिची डुप्लिकेट कुठं बनत नाही.

तुमच्या माळ्यावरही एखादं खोकं असेल. ते उतरवा. फीत फाइलमध्ये घ्या, डबी आणून ती मोठ्या पडद्यावर लावा. मोबाइलवर ज्याचं त्यानं बघू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मधल्या खुर्चीत बसवा, हाताशी वही ठेवा, आणि ते 'थांबव' म्हणाले की थांबा.

परवा आई म्हणाली, ''ती कॅसेट पुन्हा लाव रे.'' मी विचारलं, ''कुठून?'' ती म्हणाली, ''शेवटून. दिवा बंद करा म्हणतात ना, तिथून.''